भीक नको, पण कुत्रा आवर!

मनुष्य चोराला भितो, त्याहून अधिक तो चोराच्या वर्णनाला भितो. या जगात जे धंदे कधी बुडाले नाहीत, त्यांतले निम्मे धंदे मनुष्याच्या या एका खोडीवर चाललेले आहेत. दृष्ट काढणारे, साडेसाती उतरवून देणारे, मूठ मारणारे आणि मारलेली मूठ परतवणारे, हे सगळे लोक पिढ्यान्‌पिढ्या सुखाने भाकरी खात आले ते लोकांच्या दुःखावर नव्हे, लोकांच्या भीतीवर! या प्राचीन पंगतीत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. तो इंग्रजीत बोलतो, संगणकाच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठाण मांडतो, आणि आपण कामात गढलेले असताना घडोघडी डोके वर काढून 'तुमचा संगणक धोक्यात आहे' अशी आरोळी ठोकतो. त्याचे नाव अँटीव्हायरस. या गृहस्थावर मला आज भर दिवाळीत फिर्याद गुदरायची आहे.

चकली तोंडात धरून दिवाळी अंक चाळणाऱ्या वाचकांना हा रूक्ष विषय कशाला वाढता, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, हीच वेळ आहे. पाडव्याचा मुहूर्त साधून कित्येक घरांत नवा संगणक येईल. मुलगा कॉलेजात गेलेला असतो, मुलीचे घरून काम चालते, आजोबांना नातवाचे तोंड पाहायचे असते. पेढ्यांचा पुडा आणि हळदकुंकू घेऊन आपण घरी येतो, तो या यंत्राच्या पोटात हा बिनबोलावलेला पाहुणा आधीच येऊन बसलेला असतो. पहिला महिना तो फुकट राबतो; दुसऱ्या महिन्यापासून पगार मागतो. आणि पगार दिला नाही तर आपण कसे लुटले जाणार आहोत याची वर्णने सुरू करतो. दुकानदारही गल्ल्यामागून सांगतो, 'साहेब, एक अँटीव्हायरस टाकूनच घ्या, उगाच रिस्क नको.' आपण टाकून घेतो. का टाकून घेतो, हे आपणही विचारत नाही, आणि तोही सांगत नाही.

माझे म्हणणे आडवळणाने घेतले जाऊ नये म्हणून आधीच सांगून टाकतो. चोर नाहीत असे मी म्हणत नाही. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा व्हायरस फ्लॉपीवर बसून देशोदेशी हिंडून आला. आयबीएम पीसी जातीच्या संगणकांचा तो आद्य व्हायरस मानला जातो. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाची अवदसा युरोपात सुटली आणि तिचा फटका थेट आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलला बसून तिथली मालाची चढउतार खोळंबली. तेव्हा चोर आहेत आणि चांगले अट्टल आहेत. माझे भांडण पहारेकऱ्याशी आहे. चोरापासून राखण करतो म्हणून घरात आलेला माणूस घरातल्यांनाच अडवू लागला, भांडीकुंडी फोडू लागला, तिजोरीच्या किल्ल्या बाहेर देऊ लागला आणि वर महिन्याच्या महिन्याला पगार मागू लागला, तर 'चोर असतातच ना?' हे काही त्याच्या वागणुकीचे उत्तर नव्हे.

आता हा पहारेकरी करतो काय ते पाहू. संगणकावर आपण काहीही उघडायला गेलो, मग ते पत्र असो, फोटो असो की हिशेबाचा कागद असो, की तो मध्ये उभा राहतो. 'थांबा! आधी मी पाहतो.' आपण पाच पाकिटे एकत्र बांधून ठेवली असली तर तो ती सोडतो, आतली प्रत्येक चीज पाहतो, पुन्हा बांधतो आणि मग आपल्या हाती देतो. कल्पना करा, दिवाळीचा फराळ डब्यातून काढला आहे आणि दाराशी उभा असलेला शिपाई प्रत्येक करंजी फोडून आत सारणच आहे ना याची खात्री करून घेतो आहे. प्रत्येक अनारसा उजेडात धरतो आहे. चिवड्यातला शेंगदाणा न् शेंगदाणा मोजतो आहे. विष नाही, हे खरे. पण पाहुणे उपाशी उठून गेले, हेही तितकेच खरे! ज्यांच्याकडे नवे, दणकट यंत्र आहे त्यांना हे जाणवत नाही. पण मोठ्या भावाचा जुना संगणक वापरणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा निवृत्तीच्या पैशांतून दहा वर्षांपूर्वी घेतलेले यंत्र अजून जपून वापरणाऱ्या मास्तरांना ते चांगले जाणवते. बटण दाबायचे, स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचा, तो पिऊन यायचे, तरी पडद्यावर चक्र फिरतेच आहे! मग घरातले कोणीतरी म्हणते, 'व्हायरस शिरला वाटते', आणि त्यावर उपाय म्हणून शेजारच्या मुलाकडून दुसरा अँटीव्हायरस आणून पहिल्याच्या जोडीला बसवला जातो. एका म्यानात दोन तलवारी! दोन्ही पहारेकरी एकाच दारात उभे राहून एकमेकांची झडती घेत बसतात.

परंतु यंत्र मंदावणे हा या फिर्यादीतला सर्वांत किरकोळ आरोप आहे. खरा आरोप निरपराध्यांना सुळी देण्याचा आहे.

पुण्याच्या घाशीराम कोतवालाची हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. १७९१ साली पुण्यात आलेल्या काही तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी चोर ठरवून एका कोंदट जागेत कोंडून घातले आणि त्यांतले कित्येक गुदमरून मेले. कोतवालाचे काम चोर धरण्याचे होते, हे त्याच्या बाजूने कोणी म्हटले असते तर ते खोटे ठरले नसते. पण पुणेकरांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. आमच्या अँटीव्हायरस कंपन्यांच्या हातून असे घाशीरामी कारभार किती वेळा झाले आहेत याची यादी थोडक्यात सांगतो.

मे २००७ मध्ये नॉर्टनने चिनी भाषेतल्या विंडोजच्या दोन मूळ फायली चोर म्हणून धरल्या आणि हजारो संगणक उठेनासे झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजीने विंडोज एक्सपीची एक अत्यावश्यक फाईल घोड्याच्या पोटातला शत्रू ठरवून काढायला लावली. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीने रोजचा ताजा शिधा म्हणून जी नवी यादी घरोघर पाठवली, तिच्यात विंडोज एक्सपीची 'एसव्हीसीहोस्ट' ही फाईल गुन्हेगार म्हणून नोंदलेली होती. ही फाईल म्हणजे घराची तुळई. तुळई काढल्यावर घराचे जे होते तेच झाले. जगभर संगणक चालू होत, बंद पडत, पुन्हा चालू होत, पुन्हा बंद पडत. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात काही रुग्णालयांना तातडीच्या विभागात गंभीर जखमी नसलेले रुग्ण घेणे काही काळ थांबवावे लागले. ऑस्ट्रेलियात एका मोठ्या किराणा साखळीची काही दुकाने बंद ठेवावी लागली. या सगळ्यात चोर कोणी शिरला होता म्हणाल तर कोणीही नाही. पहारेकऱ्याने रात्री आरोळी ठोकली, आणि त्या आरोळीने घर कोसळले.

पुढची कथा तर प्रहसनात शोभणारी आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफॉस या कंपनीच्या अँटीव्हायरसने आपल्याच नव्या याद्या आणणाऱ्या हस्तकाला चोर समजून डांबले. त्यामुळे चूक दुरुस्त करणारी यादी आत येण्याची वाटही अनेक ठिकाणी बंद झाली. मार्च २०१५ मध्ये पांडा या कंपनीच्या अँटीव्हायरसने आपल्याच फायलींना पकडून कोंडले. आरशात पाहून 'चोर, चोर' म्हणून ओरडणारा शिपाई आम्ही तमाशातल्या वगात पाहिला होता. तो पगार घेऊन नोकरी करताना पाहण्याचे भाग्य या शतकात लाभले.

आणि १९ जुलै २०२४ तर अद्याप सर्वांच्या स्मरणात आहे. क्राउडस्ट्राइक हा पहारेकरी घरगुती संगणकावर नसतो. तो विमान कंपन्या, बँका, रुग्णालये अशा बड्या दरबारांत असतो. पण जात तीच. आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजायला आले असताना त्याने एक नवी फाईल जगभर धाडली. त्याच्या यंत्राला रकाने २१ हवे होते आणि पुरवले होते २०. वीस पाने मांडलेल्या पंगतीत वाढपी एकविसाव्या पानावर वाढायला गेला आणि थेट विहिरीत पडला! पडताना एकटा पडला असता तर हरकत नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने सुमारे ८५ लाख संगणक त्याने बरोबर ओढले. जगभरची विमाने जागच्या जागी खिळली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने ती फाईल ७८ मिनिटांत मागे घेतली, परंतु जे संगणक पडले होते ते तंत्रज्ञांना एकेकाजवळ जाऊन हाताने उठवावे लागले. या कंपनीचे प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ हे २०१० साली मॅकॅफीचे मुख्य तंत्र अधिकारी होते. मी त्यांना दोष देत नाही. चौदा वर्षांत माणूस मोठा झाला, कंपनी बदलली, पण सगळ्या जगावर एकाच क्षणी एकच प्रयोग करून पाहण्याची या धंद्याची सवय बदलली नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

'चुका कोणाकडून होत नाहीत?' असे कंपन्यांचे वकील म्हणतील. मान्य! नव्हे, मी त्यांच्याही पुढे जाऊन सांगतो की, या चुका टळणेच अशक्य आहे. फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या दशकातच गणिताने सिद्ध केले की, कोणताही प्रोग्राम समोर ठेवला असता हा व्हायरस आहे की नाही हे कधीही न चुकता सांगणारा प्रोग्राम लिहिताच येणार नाही. म्हणजे ज्या विद्येच्या जोरावर ही मंडळी संपूर्ण संरक्षणाच्या जाहिराती करतात, ती विद्या अपुरी आहे हे त्या विद्येच्या जन्माबरोबरच कळून चुकले होते. आता मला सांगा, जो न्यायाधीश चुकणार हे ठरलेले आहे, त्याच्या हाती फाशीचा दोर द्यावा की चौकशीची दौत-लेखणी? आमच्या या न्यायाधीशाला आरोपी दिसला रे दिसला की आधी दोर ओढण्याची घाई. धन्याला विचारणे नाही, कागद दाखवणे नाही. आपण सकाळी संगणक उघडतो तेव्हा कोपऱ्यात एक लहानशी चिठ्ठी असते: 'एक धोका दूर केला.' धोका कोणता? तर कन्येच्या प्रकल्पाचा प्रोग्राम!

यातून गरिबांवर आणि एकट्यादुकट्यांवर जो अन्याय होतो त्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. हा पहारेकरी चोर ओळखतो कसा? एक तर त्याच्याकडे चोरांच्या बोटांच्या ठशांची वही असते. ते ठसे जुळले तर ठीकच. परंतु रोज नवे चोर निपजतात, त्यांचे ठसे वहीत नसतात. मग तो अदमास बांधतो. याची चालचलणूक कशी आहे? याला ओळखतात किती लोक? याच्याकडे शिफारसपत्र आहे का? बड्या कंपनीचा प्रोग्राम लाखो लोक वापरतात. शिवाय तिने दर वर्षी काही हजार रुपये मोजून सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र घेतलेले असते. तिला दारात मुजरा! आणि एखाद्या तालुक्याच्या गावी नोकरी सांभाळून रात्री जागून कोणी मराठी माणसाने पंचांगाचा, सोसायटीच्या हिशेबाचा किंवा शाळेच्या निकालपत्रकाचा लहानसा प्रोग्राम लिहिला, तर त्याला ओळखणार कोण? दोनशे माणसे! शिक्का? परवडत नाही! मग तो संशयित. ज्याच्या अंगावर कोट नाही त्याला वाड्याच्या दारातून हाकलणारा भालदार आणि हा अँटीव्हायरस यांच्यात मला काडीचाही फरक दिसत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी मराठी टाइप करण्यासाठी एक छोटा प्रोग्राम वापरत असे. सांगलीकडच्या एका तरुणाने तो लिहिला होता आणि हौसेने लोकांना फुकट वाटला होता. अशा प्रोग्रामचे काम काय? आपण कळफलकावर बोट ठेवले की ते अक्षर मधल्या मध्ये पकडायचे आणि त्याच्या जागी मराठी अक्षर उमटवायचे. दुर्दैवाने चोरही हेच करतो. तोही आपली अक्षरे मधल्या मध्ये पकडतो, पण आपला पासवर्ड पळवण्यासाठी. हेतूत जमीनअस्मानाचे अंतर. पण पहारेकऱ्याला हेतू दिसत नाही, हात दिसतो. एका ऑगस्टमध्ये, दिवाळी अंकाच्या संपादकांचा तिसरा तगादा आलेला असताना, माझ्या यंत्रावरच्या अँटीव्हायरसने या बिचाऱ्याला रातोरात उचलून नेले. सकाळी मी 'आणि' लिहायला गेलो तर पडद्यावर रोमन लिपी! कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकवल्यावर एका गोड आवाजाने इंग्रजीत सांगितले की, आपला संगणक आता पूर्ण सुरक्षित आहे. सुरक्षित होता खरा. कारण त्यावर मला काहीच करता येत नव्हते! त्या तरुणानेही कंपनीला दोन-तीन पत्रे लिहिली, उत्तर आले नाही, आणि अखेर कंटाळून त्याने तो प्रोग्राम वाटणेच बंद केले. कंपनीचे नाव मी सांगत नाही, कारण वागणूक एकट्या तिची नाही. मराठीतली एक फुकटची, उपयोगी वस्तू गेली, तिच्या मर्तिकाला कोणी आले नाही, याचे मला दुःख आहे.

आता या पहारेकऱ्याचे बळ पाहा. त्याला सगळे पाहता यावे म्हणून संगणकाच्या थेट गाभाऱ्यात प्रवेश द्यावा लागतो. जिथे इतर प्रोग्रामांना पाय ठेवता येत नाही तिथे हा सोवळे न नेसता फिरतो. म्हणजे याच्यातच भोक असले तर चोराला दिंडीदरवाजाने जाण्याची गरजच नाही. जून २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी सिमँटेक आणि नॉर्टनच्या मालात अशी भोके दाखवून दिली की, दुष्ट हेतूने बनवलेली फाईल नुसती पत्रातून येऊन पडली तरी पुरे; आपण ती उघडायलाही नको, कारण अँटीव्हायरसच ती आपल्या वतीने उत्साहाने उघडून पाहत असे! त्याआधी मार्च २००४ मध्ये 'विट्टी' नावाचा किडा सुटला होता, तो तर संरक्षणाच्या एका मालातल्या भोकातूनच शिरत असे; ज्याने संरक्षण घेतले नव्हते त्याला तो शिवलाही नाही. आणि जानेवारी २०१८ मध्ये एक अजब कोडे पडले. संगणकाच्या मेंदूतच दोष सापडले होते, मायक्रोसॉफ्टने त्यावर औषध काढले. परंतु काही अँटीव्हायरस गाभाऱ्यात अशा जागी हात घालून बसले होते की औषध दिले तर रोगी जागीच बेशुद्ध पडे. तेव्हा ज्या यंत्रावरचा अँटीव्हायरस 'मी अडथळा करणार नाही' अशी लेखी हमी देत नसे, त्याला औषध देणेच थांबवण्यात आले. वैद्य दाराशी, रोगी अंथरुणावर, आणि मध्ये हा राखणदार आडवा!

कुंपण शेत खाते ही म्हण आपल्या आज्यांनी काही संगणक पाहून केली नव्हती, पण ती इथे जितकी चपखल बसते तितकी शेतावरही बसत नसेल. अवास्ट ही जगातली एक मोठी अँटीव्हायरस कंपनी. कोट्यवधी लोक तिचा माल फुकट वापरत आणि धन्यवाद देत. कंपनी सांगत असे की, इंटरनेटवर तुमच्या मागावर असलेल्यांना आम्ही अडवतो. जानेवारी २०२० मध्ये वृत्तपत्रकारांनी उघडकीस आणले की, लोक कोणकोणती पाने पाहतात याची बारीक नोंद ही कंपनीच आपल्या एका उपकंपनीमार्फत विकत होती. कोणी कोणत्या रोगाची माहिती शोधली, कोणी कोणत्या धर्माची पाने वाचली, हे सगळे बाजारात! ती उपकंपनी बंद झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. नॉर्टनने २०२१ मध्ये आपल्या मालाबरोबर ग्राहकांच्या यंत्रावर आभासी चलन खणण्याची सोय दिली. खणणे ग्राहकाच्या मर्जीवर होते हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण वीज ग्राहकाची, यंत्र ग्राहकाचे, आणि मिळकतीतला १५ टक्के वाटा कंपनीचा!

या सर्वांहून मला चीड कशाची येते म्हणाल, तर म्हाताऱ्या माणसांच्या भीतीच्या व्यापाराची. ज्या पिढीने संगणक साठीनंतर हाती धरला, तिला पडद्यावर लाल चौकट दिसली की छातीत धस्स होते. ही लाल चौकट लोकांच्या अंगवळणी कोणी पाडली? वर्गणी संपायला आली की महिनाभर आधीपासून लाल अक्षरे, उद्गारचिन्हे, फुटलेल्या ढालीची चित्रे! याचा परिणाम असा झाला की भामट्यांना नवे सोंग घ्यावे लागले नाही. त्यांनी तयार सोंग चढवले. आज 'तुमच्या अँटीव्हायरसची वर्गणी आपोआप भरली गेली, रद्द करायची असल्यास या नंबरवर फोन करा' अशी खोटी पत्रे घरोघर येतात, आणि पत्र खरे वाटते कारण खऱ्या कंपनीचे पत्रही अगदी असेच असते. फोन केला की पलीकडचा भामटा सौजन्याने संगणकाचा ताबा घेतो आणि बँकेचे खाते रिकामे करतो. आमच्या रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची सूचना निदान २४ तास आधी दिली पाहिजे असा नियम केला, हे तिचे उपकारच म्हणायचे. पण भीती कापून नेणाऱ्यांना कोणता नियम लागू आहे?

'मग काय, दारे सताड उघडी टाकून झोपायचे?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो विचारणारा बहुधा आपण मला निरुत्तर केले अशा थाटात मिशीवरून हात फिरवतो. दारे उघडी टाकायची नाहीत. दारे लावायची आहेत, हेच तर मी ओरडून सांगतो आहे! मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांपर्यंत हाहाकार माजवला, तेव्हा ज्या भोकातून तो शिरला ते बुजवण्याचा चुना मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच फुकट वाटला होता. ज्यांनी तो वेळेवर लावला त्यांच्याकडे त्याला त्या भोकातून शिरता आले नाही. विंडोजमध्ये २०१२ च्या आठव्या आवृत्तीपासून डिफेंडर नावाचा राखणदार घरचाच येतो. तोही चुकतो, त्याच्याच घराण्यातल्या एका थोरल्या भावाने सप्टेंबर २०११ मध्ये गूगलच्या क्रोमला चोर ठरवले होते. पण निदान तो वेगळा पगार मागत नाही. साध्या घरगुती वापराला तो पुरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र विंडोज १० ची नेहमीची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे, हे विसरू नये. भिंत पडकी झाल्यावर दारात दुसरा शिपाई नेमून उपयोग नसतो. आणि सर्वांत मोठे संरक्षण म्हणजे आपल्या लेखांची, फोटोंची, हिशेबांची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून ती संगणकापासून सोडवून कपाटात ठेवणे. चोर आला तरी ती वाचते, आणि पहारेकरी पिसाळला तरी वाचते. गंमत पाहा, या उपायाची लाल अक्षरांत आरोळी कोणी ठोकत नाही, कारण त्यात दर वर्षाची वर्गणी नाही.

ज्यांना विकतचा पहारा घ्यायचाच आहे त्यांनी खुशाल घ्यावा. कचेऱ्या, बँका, रुग्णालये यांना तो लागतोही. हा धंदा करणारे सगळेच वाईट, असेही मी म्हणत नाही. आमच्या पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या लहानशा दुकानातून उभ्या राहिलेल्या माणसांनी १९९० च्या दशकात स्वतःचा अँटीव्हायरस काढून तो देशभर नेला, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे. पण अभिमान वेगळा आणि हिशेब वेगळा. म्हणून या धंद्यातल्या परक्या आणि घरच्या, सगळ्याच कंपन्यांकडे माझ्या मागण्या आहेत, आणि त्या कोणत्याही ग्राहकाला समजतील इतक्या साध्या आहेत. माझी चीज चोर वाटली तर ती बाजूला ठेवा, पण मला विचारल्याशिवाय नष्ट करू नका. काय नेले, का नेले, परत कसे मिळेल, हे मला माझ्या भाषेत सांगा. नवी यादी साऱ्या जगाला एकदम पाजण्यापूर्वी थोड्या ठिकाणी पाजून पाहा. लहान माणसाचा प्रोग्राम चुकून धरलात तर त्याचे पत्र वाचायला एक माणूस ठेवा. मी 'जा' म्हटले की निघून जा. आज आपलाच माल यंत्रावरून पुरता उखडायला कित्येक कंपन्यांना वेगळे अवजार पुरवावे लागते, ही लाजेची गोष्ट आहे. आणि तुमच्या चुकीने माझे नुकसान झाले तर ते भरून द्या. कोणत्याही अँटीव्हायरसच्या करारनाम्याचे ते बारीक टाइपातले, कोणी न वाचलेले पान एकदा वाचून पाहा. नुकसानीची जबाबदारी अंगावर येऊ नये यासाठी त्यात जितकी अक्कल खर्च केलेली असते तितकी ती मालात घातली असती, तर हा लेख लिहिण्याची पाळी माझ्यावर आली नसती!

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. ती घरातली अवदसा झाडून नेते म्हणून तिला आपण लक्ष्मी म्हणतो. पण हीच केरसुणी उद्या आपल्या मनाने उठून कचऱ्याबरोबर सुनेची जोडवी, नातवाची पाटी आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उकिरड्यावर टाकून येऊ लागली, आणि वर 'घर स्वच्छ केले, वर्गणी काढा' म्हणू लागली, तर तिची पूजा करणारी गृहिणी या महाराष्ट्रात सापडणार नाही. तेव्हा वाचकहो, यंदा पाडव्याला संगणक घेताना दुकानदाराने तो खोका पुढे सरकवला, तर घाबरून खिशात हात घालू नका. आधी त्याला विचारा, हा चुकला तर भरून कोण देणार? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पैसे आपल्याच खिशात राहू द्या. आणि तेवढ्यातून एक वेगळी डिस्क घेऊन घरच्या फोटोंची नक्कल काढून ठेवा.